२७०१८७ : शेजारी मांडलेले दोन आकडे

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडच्या चढणीने पायी निघाले, की वाटेतच एक लहानसे देऊळ लागते. ते बांधलेले नाही, अख्ख्या खडकातून कोरून काढलेले आहे, आणि विष्णूचे असल्यामुळे त्याला चतुर्भुज मंदिर म्हणतात. तिथे एक संस्कृत शिलालेख आहे. तो विक्रम संवत ९३३ मधला, म्हणजे इसवी सन ८७६ चा, गुर्जर-प्रतिहार राजा भोजदेव याच्या काळातला आहे. नगराने देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद होती, आणि देवाला रोज ५० माळा मिळाव्यात, अशी नोंद त्यात आहे. यातल्या २७० आणि ५० या आकड्यांच्या शेवटी शून्य आहे. ते इतर अंकांपेक्षा लहान, पण स्पष्ट वर्तुळ आहे. हे जगातले सर्वांत जुने शून्य, असे आमच्याकडे पाहुण्यांना अभिमानाने सांगतात, ते मात्र बरोबर नाही. कंबोडियातल्या शक ६०५ च्या, म्हणजे इसवी सन ६८३ च्या लेखात शून्याच्या जागी टिंब आलेले आहे. तरीही ग्वाल्हेरच्या शून्याबद्दल मला जी आपुलकी वाटते ती त्यामुळे उणावत नाही, कारण इथे ते कोण्या पंडिताच्या ग्रंथात नसून जमिनीच्या मापात आणि माळांच्या हिशेबात, म्हणजे चारचौघांच्या व्यवहारात वावरताना दिसते.

दिवाळीच्या सुट्टीत अकरावीत शिकणाऱ्या भाचीला घेऊन मी हे देऊळ पाहायला गेलो होतो. तिने चौकटीच्या वहीत ते आकडे टिपून घेतले, पण घाईत २७० आणि १८७ यांच्यामध्ये जागा सोडायची राहून गेली. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या आमच्या घरी परतल्यावर तिने वही उघडली, तर तिथे २७०१८७ अशी सहा अंकी संख्या तयार झालेली होती. रात्री जेवणे झाल्यावर ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, ही अभाज्य आहे वाटतं. हिला कशानेच भाग जात नाही.” आमच्याकडची मुले गणित हिंदीतून शिकतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी ‘अभाज्य’ हा शब्द असतो, मराठी पुस्तकांत आपण मूळ संख्या म्हणतो. एक आणि ती संख्या स्वतः, एवढ्या दोघांनीच जिला निःशेष भाग जातो, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ आहेत. ९ किंवा १५ नाहीत.

दोन लाख सत्तर हजार एकशे सत्त्याऐंशी ही संख्या बाजारात फार मोठी वाटत नाही, पण तिचे अवयव हाताने शोधायला बसले की ती किती मोठी आहे ते कळते. तिच्या निमित्ताने मोठ्या संख्यांचे बरेच गुणधर्म उलगडून दाखवता येतात, म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न असा, की एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी किती भागाकार करावे लागतील. सगळ्या संख्यांनी भागून पाहण्याची गरज नसते, फक्त मूळ संख्यांनी भागले तरी पुरते. कारण ६ ने भाग जायचा असेल तर २ ने आणि ३ ने तो आधीच गेला असता. शिवाय वर्गमुळाच्या पुढे जायची गरज नसते. २७०१८७ चे वर्गमूळ ५१९ आणि ५२० यांच्यामध्ये येते. आता या संख्येचे दोन अवयव असतील, तर ते दोघेही ५२० किंवा त्याहून मोठे असू शकत नाहीत, कारण मग गुणाकारच किमान २७०४०० होईल. म्हणजे निदान एक अवयव ५१९ च्या आतच सापडला पाहिजे. ५१९ पर्यंत ९७ मूळ संख्या आहेत. त्या सगळ्यांनी भागून प्रत्येक वेळी बाकी उरली, तरच संख्या मूळ असे खात्रीने म्हणता येईल.

भाचीने ५० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले होते आणि तेवढ्यावर निकाल दिला होता. मी तिला पुढे चालायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वहीची तीन पाने भरली. १९ ने भागल्यावर बाकी ७, २३ ने भागल्यावर ६, ७९ ने भागल्यावर पुन्हा ७. ११३ ने भागल्यावर बाकी केवळ ४ उरली, तेव्हा आकडेमोड चुकली असेल म्हणून तिने तो भागाकार दोनदा केला, चूक नव्हती. २६९ ने भागल्यावर बाकी १११. अशा ५७ मूळ संख्या झाल्या. अठ्ठावन्नावी मूळ संख्या २७१. तिने भागले आणि भाग निःशेष गेला: २७१ गुणिले ९९७ बरोबर २७०१८७. आणि हे ९९७ म्हणजे तीन अंकी मूळ संख्यांमधली सर्वांत मोठी.

तेव्हा ही संख्या मूळ नाही, ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. तिला १, २७१, ९९७ आणि ती स्वतः अशा चारांनीच भाग जातो, पाचवा विभाजक नाही. प्रत्येक संयुक्त संख्येचे मूळ अवयव ठरलेले असतात आणि ते कोणत्याही वाटेने शोधले तरी तेच येतात, हा अंकगणितातला पायाभूत सिद्धान्त आहे. २७०१८७ साठी ते अवयव हे दोन आहेत, यांहून वेगळे अवयव कोणालाही कधीही सापडणार नाहीत.

इथे मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते. बागेचे क्षेत्रफळ काढायचे तर हेच दोन आकडे आपण गुणतो: २७० गुणिले १८७, म्हणजे ५०४९० चौरस हात. या ५०४९० ला किती विभाजक आहेत? २७० म्हणजे २, तीन वेळा ३, आणि ५ यांचा गुणाकार. १८७ म्हणजे ११ गुणिले १७. हे सगळे अवयव गुणाकारात जसेच्या तसे उतरतात आणि विभाजकांची संख्या ६४ भरते. म्हणजे जमीन समान वाट्यांत मोजायची झाली तर २ वाटे करा, १० करा, ३३ करा, ५१ करा, कुठेही हाताचा तुकडा पडणार नाही. तेच दोन आकडे गुणण्याऐवजी शेजारी शेजारी ठेवले, की ६४ चे ४ होतात.

असे का व्हावे? शेजारी ठेवणे म्हणजे गणिताच्या भाषेत २७० ला १००० ने गुणून त्यात १८७ मिळवणे. गुणाकारात अवयव टिकतात, बेरजेत टिकत नाहीत. समजा, ३ ने या सहा अंकी संख्येला भाग जायचा आहे. ३ ने २७०००० ला भाग जातोच, म्हणून उरलेल्या १८७ लाही जायला हवा, पण तो जात नाही. समजा, ११ ने भाग जायचा आहे. ११ ने १८७ ला भाग जातो, म्हणून २७०००० लाही जायला हवा, पण तोही जात नाही. २७० आणि १८७ यांच्यात सामाईक अवयव एकही नाही, त्यांचा मसावि १ आहे, आणि म्हणून दोघांपैकी कोणाचाही मूळ अवयव जोडसंख्येत शिरू शकत नाही. २, ३, ५, ११ आणि १७ हे पाचही जण दारातच अडतात. बेरजेतून जी संख्या तयार होते तिचे अवयव अगदीच नवे असतात, आणि ते कोणते असतील ते जुन्या अवयवांवरून सांगता येत नाही. संख्यांच्या जगातल्या पुष्कळ अवघड प्रश्नांचे मूळ या एका गोष्टीत आहे, की बेरीज आणि गुणाकार ही दोन कामे एकमेकांशी फारशी बोलत नाहीत.

शून्याचे काम इथेच दिसते. २७० मधले शून्य विसरून कोणी २७ च्या शेजारी १८७ ठेवले, तर २७१८७ होतात आणि त्यांचे अवयव ३१ आणि ८७७ हे येतात. आधीच्यांशी त्यांचा काहीही संबंध नाही. आकड्यांचा क्रम बदलून १८७२७० केले, तर शेवटच्या शून्यामुळे २ आणि ५ लगेच बाजूला निघतात आणि उरलेल्या १८७२७ चे ६१ आणि ३०७ असे दोन तुकडे पडतात. खडकावरचे एक लहानसे वर्तुळ घसरले, तर संख्येचे सगळे गोत्रच बदलते.

आता भाचीच्या तीन पानांकडे वळू. एवढे कष्ट अटळ होते का? मोठ्या संख्येचे अवयव शोधताना पाढ्यांपेक्षा नजर जास्त कामाला येते, आणि ती कशी येते ते इथे जवळून पाहण्यासारखे आहे.

ही संख्या दोन तुकड्यांची आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे: हजारांचा तुकडा २७० आणि मागचा तुकडा १८७. म्हणून १००० च्या आसपासच्या संख्यांनी भागून बाकी काढणे फार सोपे जाते. ९९९ ने भागताना प्रत्येक हजारामागे १ उरतो, म्हणून बाकी काढायला दोन तुकड्यांची नुसती बेरीज करायची: २७० अधिक १८७, म्हणजे ४५७. आता ९९९ हे २७ गुणिले ३७ आहेत. ४५७ ला ३ ने भाग जात नाही आणि ३७ नेही जात नाही, म्हणून आपल्या २७०१८७ लाही जाणार नाही. एका बेरजेत दोन मूळ संख्या निकालात निघाल्या. दुसऱ्या बाजूला १००१ घ्या. तिथे प्रत्येक हजारामागे १ कमी पडतो, म्हणून बेरजेऐवजी वजाबाकी करायची: २७० वजा १८७, म्हणजे ८३. आणि १००१ हे ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार आहेत. ८३ ला यांपैकी कशानेही भाग जात नाही, तेव्हा तिघेही एका फटक्यात बाद झाले. शाळेत ११ ची कसोटी शिकवतात, पण ७ आणि १३ यांची ही सोपी कसोटी सहसा शिकवत नाहीत, याची मला नेहमी हळहळ वाटते.

आणखी एक पाऊल बाहेर जाऊ. ९९८ म्हणजे २ गुणिले ४९९. इथे हजारामागे २ उरतात, म्हणून २७० ची दुप्पट अधिक १८७, म्हणजे ७२७. याला ४९९ ने भाग जात नाही. १००२ म्हणजे २, ३ आणि १६७ यांचा गुणाकार. २७० ची दुप्पट वजा १८७, म्हणजे ३५३. याला १६७ ने भाग जात नाही. आणि आता ९९७. हजारामागे ३ उरतात. २७० ची तिप्पट ८१०, त्यात १८७ मिळवले की होतात बरोबर ९९७.

म्हणजे ९९७ ने भाग जातो, आणि तोही कसा, तर लांबीची तिप्पट अधिक रुंदी हीच ती संख्या! पाचव्या पावलावर उत्तर समोर आले. दुसरा अवयवही आपसूक कळतो: २७० हजारांमध्ये ९९७ हे २७० वेळा जातात, उरलेल्या ९९७ मध्ये आणखी एकदा जातात, म्हणून एकूण २७१ वेळा. मी हे वहीच्या समासात मांडून दाखवले, तेव्हा भाची बराच वेळ त्या पाच ओळींकडे बघत राहिली. ८७६ साली ज्यांनी हे आकडे कोरले त्यांच्या मनात असे काही होते, असा तर्क मात्र कोणी करू नये. बागेचे माप होते, ते त्यांनी लिहिले. हे दोन आकडे असे जुळून आले, हा निव्वळ योगायोग आहे.

२७१ या दुसऱ्या अवयवाचीही एक देखणी कसोटी आहे. १ ला २७१ ने भागले तर ०.००३६९००३६९... असा पाच-पाच अंकांनी परत येणारा दशांश मिळतो, कारण २७१ गुणिले ३६९ हे बरोबर ९९९९९ होतात. त्यामुळे कितीही मोठी संख्या असो, उजवीकडून पाच-पाच अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज करावी. त्या बेरजेला २७१ ने भाग गेला तर त्या मोठ्या संख्येलाही जातो. आपल्या संख्येत गट दोन पडतात, २ आणि ७०१८७. बेरीज ७०१८९, आणि ती २७१ गुणिले २५९ आहे. ९९७ चा दशांशही पाहण्यासारखा आहे. तो ०.००१००३००९०२७०८१२४३ असा सुरू होतो. तीन-तीन अंक वेगळे केले की १, ३, ९, २७, ८१, २४३ असे तीनचे घात ओळीने दिसतात. पुढे घात तीन अंकांत मावत नाहीत, हातचे डावीकडे सरकू लागतात, आणि ते सुंदर चित्र विस्कटते. ९९७ चे आवर्त १६६ अंकांनी पूर्ण होते. दोन्ही अवयवांची चाके एकदम फिरवली, म्हणजे ५ आणि १६६ यांचा लसावि काढला, की ८३० येतात. तेव्हा १ भागिले २७०१८७ हा दशांश बरोबर ८३० अंकांनी परत पहिल्यापासून सुरू होतो.

आकडेमोड तपासायला जुना नवाचा ताळा आहेच. २७०१८७ च्या अंकांची बेरीज २५, त्याची ७. २७१ ची १०, त्याची १. ९९७ ची पुन्हा २५, म्हणून ७. एक गुणिले सात बरोबर सात, ताळा जमला. ताळा जमल्याने उत्तर बरोबर असल्याची हमी मिळत नाही, पण तो जमला नाही तर चूक नक्की असते.

काही गुणधर्म भराभर सांगून टाकतो. ही संख्या स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज १ अधिक २७१ अधिक ९९७, म्हणजे १२६९ होते. ती संख्येपेक्षा फारच थोडी असल्यामुळे अशा संख्येला न्यून म्हणतात. दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येत नाही, कारण २७१ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि असा मूळ अवयव एकटाच आला तर ते अशक्य होते. एकटे ९९७ मात्र ३१ चा वर्ग अधिक ६ चा वर्ग असे लिहिता येते. संगणकाच्या भाषेत, म्हणजे केवळ ० आणि १ वापरून, ती १००००० ११११ १०११० १०११ अशी १९ अंकी होते. वाचायला सोपी जावी म्हणून मी मध्ये जागा सोडली आहे, आणि तिच्यात ११ वेळा १ येतो.

वर्गांची वजाबाकी मात्र थांबून पाहावी अशी आहे. दोन अवयवांची सरासरी ६३४ आणि त्यांच्यातल्या अंतराचे निम्मे ३६३. तेव्हा ६३४ चा वर्ग वजा ३६३ चा वर्ग, म्हणजे ४०१९५६ वजा १३१७६९, हे २७०१८७ होतात. सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्मा यांनी याच ओळखीवरून अवयव शोधण्याची रीत काढली. वर्गमुळाच्या लगेच पुढच्या संख्येपासून सुरुवात करायची, तिचा वर्ग करायचा, त्यातून आपली संख्या वजा करायची आणि जे उरते ते पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. नसेल तर एक पाऊल पुढे. फर्मा यांनी २०२७६५१२८१ ही दहा अंकी संख्या या रीतीने अवघ्या बारा पावलांत फोडली. तिचे अवयव ४४०२१ आणि ४६०६१ आहेत. आपली संख्या सहा अंकीच आहे, पण ५२० पासून ६३४ पर्यंत जायला ११५ पावले लागतात, म्हणजे भाचीच्या साध्या भागाकारांपेक्षा दुप्पट. कारण उघड आहे: फर्मा यांच्या संख्येचे अवयव एकमेकांच्या जवळ होते, आपले दूर आहेत. कोणती रीत लवकर पोचेल हे संख्येच्या आकारावर अवलंबून नसते, तिचे अवयव कुठे दडले आहेत यावर असते. आणि तेच तर आपल्याला ठाऊक नसते.

आणखी एक विचित्र गोष्ट अशी, की संख्या मूळ नाही हे अवयव न सापडताही सिद्ध करता येते. २ पेक्षा मोठ्या कोणत्याही मूळ संख्येसाठी २ चा त्या संख्येहून एकने कमी इतका घात करून त्याच संख्येने भागले, तर बाकी १ च उरते, हाही फर्मा यांचाच सिद्धान्त. २ चा २७०१८६ वा घात २७०१८७ ने भागल्यावर बाकी १ उरत नाही. तेवढ्यावरून ही संख्या संयुक्त ठरते, पण अवयवांचा पत्ता मात्र लागत नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही एकवीस अंकी संख्या, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, मूळ नाही हे फ्रान्सच्या ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले होते. तिचे अवयव १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ आहेत, हे अमेरिकेच्या कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. दोन्हींच्या मध्ये सत्तावीस वर्षे गेली. कुलूप आहे हे कळणे आणि किल्ली सापडणे यांत एवढे अंतर असते.

कुलूप हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण आज बँकेच्या आणि खरेदीच्या संकेतस्थळांवर जी गुप्तता पाळली जाते, तिचा मोठा भाग दोन मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभा आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही पद्धत तयार केली. आपल्या २७०१८७ वर ती चालवून दाखवता येते.

आधी एक मोजणी करावी लागते: १ पासून २७०१८७ पर्यंत अशा किती संख्या आहेत, की ज्यांचा हिच्याशी १ सोडून कोणताही सामाईक विभाजक नाही? २७१ च्या पटीतल्या संख्या ९९७ आहेत, ९९७ च्या पटीतल्या २७१, आणि २७०१८७ स्वतः दोन्हींत मोजली गेली म्हणून ती एकदा परत मिळवायची. उरतात २६८९२०. गमतीचा भाग असा, की हाच आकडा २७० गुणिले ९९६, म्हणजे दोन्ही अवयवांतून एकेक वजा करून केलेला गुणाकार आहे. ज्याला अवयव ठाऊक आहेत त्याला ही मोजणी एका गुणाकाराची. ज्याला ठाऊक नाहीत त्याला ती करण्याची सोपी वाट अजून कोणाला सापडलेली नाही.

आता दोन आकडे निवडायचे, ज्यांचा गुणाकार २६८९२० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ७ आणि २३०५०३ हे तसे आहेत. त्यांचा गुणाकार १६१३५२१, आणि तो २६८९२० च्या सहापटीहून एकने जास्त आहे. २७०१८७ आणि ७ हे दोन आकडे चव्हाट्यावर टांगले तरी चालतात. ज्याला मला गुप्त निरोप पाठवायचा आहे, त्याने निरोपाची संख्या घ्यावी, तिचा सातवा घात करावा, २७०१८७ ने भागावे आणि फक्त बाकी मला कळवावी. २३०५०३ मात्र माझ्यापाशीच राहील, कारण कुलूप त्याने उघडते. चोराला २३०५०३ शोधायचा असेल तर आधी २६८९२० हवेत, आणि त्यासाठी २७१ आणि ९९७ हवेत.

सहा अंकांचे कुलूप भाचीने एका सकाळीत फोडले, तेव्हा खऱ्या व्यवहारात ते कोणी वापरणार नाही. तिथली संख्या बहुधा ६१७ अंकी असते. अशा कुलपांची ताकद तपासण्यासाठी जाहीर केलेल्या संख्यांपैकी एक २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तेव्हा संगणकाच्या एका गाभ्याला (‘कोअर’ला) सुमारे २७०० वर्षे लागली असती इतके काम अनेक यंत्रांनी मिळून केले होते. आणि लांबी पुरेशी असली तरी मूळ संख्या विचार करून निवडाव्या लागतात. त्या एकमेकांच्या फार जवळ असल्या तर फर्मा यांच्या रीतीने कुलूप बारा पावलांत उघडते. त्यांतली एखादी १००० सारख्या सरळ संख्येला चिकटून असली तर आपण पाच ओळींत जे केले तेच कोणीही करू शकतो. म्हणूनच त्या यंत्राकडून कसलाही क्रम न ठेवता निवडून घेतात.

भाचीने विचारले, “मग मामा, काही तरी पाठवून बघू या का?” तिने निरोप म्हणून रोजच्या माळांचा आकडा घेतला, ५०. पन्नासचा चौथा घात ६२५००००, २७०१८७ ने भागून बाकी ३५६९९. तिसरा घात १२५०००. दोन्हींचा गुणाकार करून पुन्हा भागले, बाकी २३६६९५. हा झाला बंद निरोप. त्याच्याकडे बघून ५० ओळखणे कोणाच्या बापाला शक्य नाही. उघडण्यासाठी २३६६९५ चा २३०५०३ वा घात हवा, पण त्यासाठी दोन लाख तीस हजार गुणाकार करावे लागत नाहीत. वर्ग, वर्गाचा वर्ग, असे चढत गेले आणि दर पायरीला बाकी तेवढी ठेवली, की जास्तीत जास्त ३४ गुणाकारांत काम होते. तिने ते कॅल्क्युलेटर घेऊन, दर गुणाकारानंतर बाकी वहीत मांडत, संध्याकाळपर्यंत केले. शेवटच्या ओळीत ५० आले. त्यातले शून्य तिने शिलालेखात पाहिले होते तसे, इतर अंकांपेक्षा लहान काढले होते.